गाठ माझी, फोन परक्यांचे

डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला तेव्हा मी तो टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूने वाचला. सात वर्षं मी कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांची टिपणं ऐकत होते आणि टाइप करत होते. तो शब्द मी शेकडो वेळा टाइप केला असेल. उलटा दिसला तरी ओळखू आला.

डॉक्टर अजून चष्मा पुसत होते. मीच विचारलं, "फक्त डावीकडेच आहे ना?"

त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही मेडिकलमधल्या आहात का?"

"नाही. मी टाइप करते."

माझे मिस्टर, राजन, आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. ते खडकीच्या कारखान्यात नोकरीला. यंत्राचा बारीकसा बिघाड त्यांना आवाजावरून कळतो, पण इथे काय बिघडलंय ते त्यांना कुणी मराठीत सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं. राजननी फाइल हातात घेतली आणि रिक्षात बसेपर्यंत ती छातीशी धरून ठेवली.

रिक्षा सुरू झाल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते हे: "अहो, कुणालाही सांगायचं नाही. आईंना नाही, मुक्ताला नाही, तुमच्या ताईंना तर नाहीच नाही."

"अगं, ऑपरेशन काय गपचूप करणार आहेस?"

"पिशवीचं ऑपरेशन आहे म्हणून सांगू. माझ्या वयाला शोभतं ते."

यामागे कारण होतं. माझ्या मावशीला हाच आजार झाला होता. ती बरी झाली, पुढे पंधरा वर्षं जगली. पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत बायका आधी तिच्या ब्लाउजकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. मी बारा वर्षांची होते. मीसुद्धा बघायचे.

*

आमच्या ऑफिसात माहितीची फार काळजी घेतली जायची. आत जाताना मोबाइल बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा. टेबलावर कागद नाही, पेन नाही. टाइप करताना एखाद्या पेशंटची कहाणी मनाला लागली तरी शेजारणीला सांगायची नाही. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या मूळव्याधीचं गुपित आम्ही प्राणपणाने जपत होतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर दीपा बसायची. विदर्भातून आलेली, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि तिसऱ्याच टिपणात तोच शब्द कानावर पडला. मी हेडफोन काढून बाथरूममध्ये गेले. दीपा मागून आली. दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "ताई, दार उघडा. नाही तर मी इथंच उभी राहते."

मी तिला सांगितलं. घरच्या कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं. मग माझा हात धरून तिनेही स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगितली. पुण्यात ती कुणालाच ठाऊक नव्हती. ती काय होती, ते मी इथे लिहिणार नाही.

*

दहा दिवसांनी, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी, मी मार्केट यार्डातून भाजी घेऊन आले. आठवडाभराची भाजी निवडून, डबे भरून मगच हॉस्पिटलात जायचं असं ठरवलं होतं. सासूबाई फोनशेजारच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. गृहपाठ केलास का, असं विचारावं त्या आवाजात त्यांनी विचारलं, "वसुधा, तुला कॅन्सर आहे का?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"कुणी सांगितलं?"

"एका काढेवाल्याने. त्याचा फोन आला होता. म्हणाला, मॅडमच्या गाठीवर आमच्याकडे काढा आहे, सुरी लावू देऊ नका. घरातल्या कुणाला सांगावंसं वाटलं नाही, तेव्हा त्याने सांगितलं. भला माणूस म्हणायचा."

आज ते आठवलं की लाज वाटते. मी त्यांचा हात धरायला हवा होता, निदान चुकलं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "पण त्याला कुणी सांगितलं?"

*

तिथून संशयाला सुरुवात झाली. आजार एका जागी होता, संशय सगळ्या अंगभर पसरला. माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या, रफ वहीचं एक पान फाडून मी नावं लिहिली. डॉक्टर. त्यांची नर्स. लॅबमधला माणूस. औषधांचं दुकान. समोरच्या बाई, कारण आम्ही फाइल घेऊन जिना उतरताना त्या दारात उभ्या होत्या. राजन. दीपा.

राजनना मी त्याच संध्याकाळी उलटतपासणीला घेतलं. थोडा वेळ त्यांनी टाळाटाळ केली. मग म्हणाले, "कदमला सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये रडू आलं मला. शेजारी तो होता."

"त्याच्याकडे आपला नंबर आहे."

"वसुधा, बावीस वर्षांचा दोस्त आहे तो माझा. काढे विकतो का तो?"

"कुणाकुणाचं काय चालतं, ते आपल्याला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्पिटलात गेलो ते एकमेकांशी न बोलता. फॉर्मवर सही करताना त्यांचा हात अडला, तेव्हासुद्धा मी खिडकीबाहेर बघत होते.

हॉस्पिटलात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पाटी लटकवलेली असते. नाव, वय, आजार, डॉक्टर. भेटायला येणारे लोक आपल्या पेशंटकडे जाता जाता सगळ्यांच्या पाट्या वाचत जातात. मी माझी पाटी उलटी करून ठेवायचे. सकाळी आया यायची आणि सुलटी करायची. दोन दिवस आमचं हे असं चाललं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, पाटी उलटी ठिवली तर नर्सबाई मला बोलत्यात." मी म्हटलं, "आणि सुलटी ठेवली तर लोक मला बघतात." तिने जरा विचार केला आणि माझा टॉवेल वाळत घातल्यासारखा त्या पाटीवर टाकला. नर्स आली की टॉवेल उचलायचा, गेली की पुन्हा टाकायचा. त्या सगळ्या आजारपणात माझी माहिती जपायला कुणी खरोखर काही केलं असेल, तर ते त्या आयाने.

सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. काढेवाल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मुक्ताला सांग. तिलाही तो फोन करायच्या आत."

मुक्ता दहावीत होती. संध्याकाळी ती आली तेव्हा मी सगळी तयारी करून, आवाज सारखा ठेवून सुरुवात केली. तिने मला अर्ध्यात थांबवलं.

"मला माहितीये, आई. आजीच्या आधी एक फोन आला होता. मी घेतला होता."

"कधी?"

"प्रिलिमच्या वेळी. भूमितीच्या आदल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुणाला सांगत नव्हतीस. मला वाटलं, कळलेलं चालणार नाही."

दीड आठवडा ती पोर ते एकटीने घेऊन फिरली होती. माझ्या एका बाजूला टाके आणि नळी. तिला जवळ घ्यायचं तर कसं, ते कळेना. ती उजवीकडून आली आणि खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ बसली.

*

घरी आल्यावरही फोन थांबले नाहीत. एक काढेवाला, एक चुंबकाचे पट्टे विकणारा, एक बाई "अशा पेशंटसाठी" पूजा सुचवणारी. सासूबाई आता फोन घेण्यात तरबेज झाल्या होत्या. "हो, कॅन्सर आहे. तुमचं काय दुखतं? नाही, आम्हालाही तुमची माहिती लिहून घ्यायची आहे," असं त्या म्हणायच्या आणि पलीकडून फोन ठेवला जायचा.

मला मात्र हसू येत नव्हतं. दिवसभर पडून राहायचं आणि ते पान पुढे घेऊन विचार करायचा. एकेक नाव खोडत गेले. शेवटी दीपा उरली. मग सगळंच जुळायला लागलं. ऑपरेशनची तारीख तिने दोनदा विचारली होती. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात मोबाइलवर हळू आवाजात बोलायची आणि मी दिसले की गप्प व्हायची. संशय एकदा आला की पुराव्यांना तोटा राहत नाही.

मी आमचे टीम लीडर प्रसाद सर यांना फोन केला. म्हटलं, दीपा पेशंटची माहिती बाहेर देते. आमच्या धंद्यात याहून मोठा आरोप नाही. ते म्हणाले, "मॅडम, खात्री आहे? ती तशी वाटत नाही."

आणि मी म्हणाले, "तशी वाटत नाही म्हणूनच. ती स्वतःबद्दल तुम्हा सगळ्यांना काय सांगते आणि खरं काय आहे, ते माहितीये का?" मग बाथरूमच्या दाराशी माझा हात धरून तिने सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. मला आठवतं, बोलताना मला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांनी माझ्या हातात काहीतरी होतं.

पंधरा दिवसांत दीपाने नोकरी सोडली. मला कळवलं नाही.

*

किमो सुरू झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना घ्यायची आहे त्यांना एवढंच सांगते की प्रत्येक वेळी पाचव्या दिवशी थोडं बरं वाटतं. त्या पाचव्या दिवसाची वाट बघायची. मला वरण-भाताचा वास सोसेना, तर सासूबाईंनी सबंध घराचा स्वयंपाक सकाळी सहाच्या आत उरकायला सुरुवात केली. केस गेले तेव्हा मुक्ताने तिचे दोन स्कार्फ आणून ठेवले.

आणि फोन? फोन येतच होते. आता एक माणूस केसांचे टोप विकत होता. मला किमो चालू आहे, हे दीपाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

त्या दिवशी मी ते पान पुन्हा काढलं आणि दीपाचंही नाव खोडलं.

पुढच्या वेळी मी एक युक्ती केली. किमोच्या आधी रक्त तपासायला लॅबमध्ये जायचं असायचं, औषधांच्या दुकानात आणि हृदयाच्या तपासणीसाठी स्कॅन सेंटरमध्ये. खऱ्या फॉर्मवर खरंच नाव लिहिलं. रिपोर्टची गडबड मला करायची नव्हती. पण लॅबच्या अभिप्रायाच्या कार्डावर मी "वसुमती" लिहिलं. दुकानात "वसू" सांगितलं. स्कॅन सेंटरच्या काउंटरवर दोरीला पेन बांधलेली एक मोठी वही असायची. येईल त्याने त्यात नाव, फोन नंबर आणि "कशासाठी" ते लिहायचं. तिथे मी "वसुंधरा" लिहिलं. पहिल्या तपासणीच्या वेळीही मी त्याच वहीत लिहिलं होतं, माझ्या सुवाच्य अक्षरात, रकाना न सोडता.

सहाव्या दिवशी फोन वाजला. सासूबाईंनी घेतला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "कुणी वसुंधरा राहते का गं आपल्याकडे?"

*

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या सेंटरमध्ये जाऊन बसलो. तपासणी नव्हती. मी स्कार्फ बांधला होता, सासूबाईंनी छत्री आणली होती, पावसाचं चिन्ह नसतानाही. तास दीड तास काही घडलं नाही. मग पांढऱ्या शर्टातला, हातात बॅग असलेला एक माणूस आला. काउंटरवरच्या मुलीशी चार शब्द बोलला, वही स्वतःकडे फिरवली आणि खिशातल्या डायरीत उतरवून घ्यायला लागला. लपवाछपवी काही नाही. बँकेत पासबुक भरावं तसं.

मी उठायच्या आत सासूबाई त्याच्याशेजारी पोहोचल्या होत्या.

"काय हो, वर्गपाठ उतरवताय का?"

तो दचकला. "मी संस्थेतर्फे येतो, आजी. पेशंटना मदत म्हणून."

"असं का? आमच्या घरी मदत पोचली तुमची. माझ्या सुनेला कॅन्सर आहे ते मला तुमच्या फोनवरूनच कळलं."

सगळी रांग बघायला लागली. तो माणूस डायरी खिशात कोंबून सरळ बाहेर पडला. ती मुलगी रडकुंडीला आली. तिला खरंच तो एखाद्या संस्थेचा वाटत होता. आतून सेंटरचे डॉक्टर आले.

"काय झालं? वहीच ना? त्यात आहे काय, नाव आणि नंबर."

त्या वहीतली पाच नावं मोठ्याने वाचून दाखवावीत, म्हणजे यांना कळेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. वहीवर हातही ठेवला. पण ती माणसं तिथे बाकावरच बसली होती. एक म्हातारे गृहस्थ, मार्केट यार्डात हमाली करणारा एक माणूस आपल्या बायकोला घेऊन आलेला, एक कॉलेजची मुलगी एकटीच. मी वही मिटली आणि डॉक्टरांपुढे कोरा कागद ठेवला.

"डॉक्टर, यावर तुमचं नाव, घरचा नंबर आणि तुम्हाला काय दुखणं आहे ते लिहा. मी इथे काउंटरवर ठेवते."

त्यांनी कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून टोकन ठेवू."

"आणि जुन्या वह्या?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने खाली पाहिलं. "रद्दीत देतो, मॅडम."

पुढच्या वेळी गेले तेव्हा वही नव्हती, टोकन होतं. फोन हळूहळू कमी झाले, पण पूर्ण बंद व्हायला वर्ष गेलं. रद्दीत गेलेल्या वह्यांचं काय झालं, कोण जाणे. अजूनही मी कुठल्याही काउंटरवर वही दिसली की आधी विचारते, ही कोण वाचतं? लोक वैतागतात. हे वाचणारं कुणी अशा रांगेत बसलं असेल, तर त्यांनीही विचारावं. वैतागू द्यावं.

*

राजनची माफी मागणं सोपं गेलं. ते म्हणाले, "मग कदमला जेवायला बोलवू का?" आणि बोलावलं.

दीपाचा नंबर मिळवायला महिना लागला. तिने फोन घेतला. मी म्हटलं, घरी येऊ का भेटायला? ती म्हणाली, "पत्ता नाही देणार, ताई. स्वारगेटला भेटू."

स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. गाड्यांचे पुकारे चालले होते. ती वाळली होती. माझ्या स्कार्फकडे तिने एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मला कळलं, तू नव्हतीस," मी म्हटलं.

"मला तर आधीपासूनच माहीत होतं, मी नव्हती."

मी तिला वहीची सगळी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "त्या माणसाला तुमचं नाव वहीतून भेटलं. तुम्ही लिहिलं होतं, त्याने वाचलं. पण माझं तर कुठंच लिहिलेलं नव्हतं, ताई. ते सरांना काहून सांगितलं?"

"घाबरले होते."

"मी पण घाबरलेलीच होती. तरी आईने विचारलं, तुझ्या ताई कामावर काहून येत नाहीत, तर मी म्हटलं पाय मोडला त्यांचा. माझ्या आईला नाही सांगितलं मी."

चहा आला, निवला. तिची गाडी लागली. उठताना तिने विचारलं, "किमो किती राहिल्या?"

"दोन."

"खाणं जातं का?"

"पाचव्या दिवसापासून जातं."

तिने मान हलवली आणि गेली.

मी प्रसाद सरांना लेखी कळवलं की आरोप खोटा होता, चूक माझी होती. त्यांनी फोन केला. "फाइलमधून काढून टाकतो, मॅडम. पण ते दुसरं, तिच्या घरचं, ते चौकशीत चार जणांना कळलं. ते कसं काढणार?"

*

आता मला बरं होऊन सहा वर्षं झाली. आजारातून उठलेल्या बायकांच्या आमच्या गटाने प्रत्येकीला आपला अनुभव लिहायला सांगितला, म्हणून हे लिहिलं. माझं नाव खरं आहे. ते मी मुद्दाम ठेवलंय, कारण ते द्यायचं की नाही हे या वेळी मी ठरवलंय. दीपाचं नाव दीपा नाही. ती विदर्भातल्या कुठल्या गावची, ते कुठेच येऊ दिलं नाही.

लिहून झाल्यावर मी हे सगळं तिला पाठवलं, तिने फोनवर सांगितलेल्या ऑफिसच्या पत्त्यावर. सोबत चिठ्ठी ठेवली की नको म्हणालीस तर छापणार नाही. तीन आठवडे काहीच आलं नाही. मग पाकीट परत आलं. तिने दोन ओळींवर इतकी घट्ट काट मारली होती की खालची अक्षरं मलाही वाचता येईनात. समासात लिहिलं होतं, "बाकी राहू द्या. तब्येत सांभाळा."

त्या दोन ओळी यात नाहीत.